बेअरिंगखाली गेरू निघते अन् शाफ्ट तिथंच तुटते. विमानातही हेच होते म्हणे?

दारव्ह्याचा_लेथवाला
२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. दारव्ह्याच्या रस्त्यावर आपलं लहानसं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, अन् दारासमोर दुसऱ्यांचं भंगार. सोयाबीन निघून राहिलं म्हणजे सध्या रात्री बारापर्यंत लाइट चालू.

या हंगामात मळणी यंत्राचे तीन शाफ्ट आले. तिन्ही तुटलेले, तिन्ही एकाच जागी. ड्रमच्या शाफ्टवर पुलीच्या बाजूला जे बेअरिंग असते ना, त्याच्या पुलीकडच्या कडेला. चावीगाळ्यात, म्हणजे पुली अडकवायच्या खाचेत नाही, वेल्डिंगवर नाही. बेअरिंगच्या पोटात, जिथं शाफ्ट डोळ्याला दिसतच नाही तिथं.

तिसऱ्याचं बेअरिंग काल सावकाश काढलं. रिंग शाफ्टला आवळणारे ग्रब स्क्रू सोडले, लाकडाचा ठोकळा लावून ठोकलं. आतली रिंग सरकली अन् बोटाला लाल भुकटी लागली. गंजाचे पापुद्रे नाही, भुकटी. आजी भिंतीला गेरूचा पट्टा ओढायची, तोच रंग, तसंच मऊ. पुसून पाह्यलं तं खाली शाफ्टला बारीक खड्डे, उंदरानं कुरतडल्यासारखे. अन् गंमत अशी की भुकटी सारी मधात होती, दोन बोटं रुंद पट्ट्यात. तुटला मात्र कडेवर, जिथं भुकटी नावालाच होती.

माझा भाचा नागपूरला विमानांच्या मेंटेनन्सचं शिकून राहिला. दिवाळीला आलता. भुकटी पाहून म्हणे, "मामा, हे फ्रेटिंग. विमानाच्या रिव्हेटभोवती असंच निघते, फक्त काळं." मी म्हटलं कुठं विमान अन् कुठं आपला मळणीचा हडंबा! तो सकाळच्या गाडीनं गेला अन् माझ्या डोक्याला भुंगा लावून गेला.

कोणाला माहीत असेल तर सांगा. ही भुकटी कायची? अन् जिथं घासलं तिथं न तुटता बाजूला काहून तुटला?

कापूसकोंड्या
२ नोव्हेंबर, रात्री ९.५८

भाऊ, भाच्याले म्हणा पहिले हडंबा उडवून दाखव, मग विमानाचं पाहू.

वेल्डिंग_सम्राट
२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

यात एवढं डोकं लावायचं कारण नाही. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे दाणे दिसले असतील. म्हणजे लोखंड दाणेदार झालं. माल हलका. आजकाल बारच तसे येतात. तुटलेले दोन तुकडे जोडून द्या, वरून भराव मारा, टर्निंग करा, हंगाम निघतो. मी दहा वर्षं हेच करतो.

संत्रा_अन्_स्पॅनर
३ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

लेथवाले भाऊ, मी वरूडकडचा. वीस वर्षं वायुसेनेत एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर काम केलं, शेवटची पोस्टिंग नागपूर. आता संत्र्याची बाग अन् गुडघेदुखी. तुमच्या भाच्याला माझ्याकडून शाबासकी.

फ्रेटिंग म्हणजे घट्ट बसवलेल्या दोन भागांमधली सूक्ष्म हालचाल. किती? काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते फार तर शंभर मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे बहुतेक वेळा केसाच्या जाडीइतकीही नाही, पण थांबत नाही. मागं-पुढं, मागं-पुढं. धातूच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर असतो तो खरवडला जातो, खालचा कोरा धातू हवेला लागतो, पुन्हा ऑक्साइड, पुन्हा खरवड. बाहेर पडायला वाट नाही म्हणून भुकटी तिथंच कोंडते. पोलादाची असेल तर लाल. तुम्ही गेरू म्हणालात ते अगदी बरोबर आहे, गेरूचा लाल रंग ज्या लोह ऑक्साइडचा असतो तेच हे. ॲल्युमिनियमची असेल तर काळी. आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड म्हणजे काय? तुम्ही लेथवर मारता त्या पॉलिश पेपरवरचा दाणा. सांध्यात आपणहून पॉलिश पेपर तयार होतो समजा.

विमानाचा पत्रा रिव्हेटनं जोडलेला. एखादा रिव्हेट किंचित ढिला पडला की त्याच्या डोक्याभोवती काळं वर्तुळ येतं आणि वाऱ्याच्या दिशेनं मागं शेपूट ओढली जाते, चिमणीच्या धुरासारखी. आम्ही त्याला 'स्मोकिंग रिव्हेट' म्हणायचो. सकाळच्या तपासणीत टॉर्च तिरपा धरून पंखाखाली फिरायचं आणि हेच हुडकायचं. नवीन पोरं फडक्यानं पुसून टाकायची, "सर, मळ होता." मी म्हणायचो, मळ सगळीकडे सारखा असतो, हा एकाच रिव्हेटला काहून आहे?

वेल्डिंग_सम्राट भाऊ, तुकडे जोडून भराव मारायचं मात्र कृपा करून बंद करा. फिरत्या ड्रमजवळ माणसं उभी असतात.

शंकासूर
३ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

काका, मान्य. पण हा तर झिजेचा प्रकार झाला. झिजून झिजून किती झिजणार, दोन-पाच मायक्रॉन? त्यानं पन्नास एमएमचा शाफ्ट कसा तुटेल? दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते आहे असं वाटतं. झीज ती झीज, आणि वारंवारच्या ताणानं भेग पडून तुटणं तो थकवा.

सूक्ष्मदर्शी
३ नोव्हेंबर, दुपारी १.३०

शंकासूर, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि लेथवाल्या दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. माझं पीएचडीचं काम धातूंच्या थकव्यावर. माहेर हिंगणघाट, त्यामुळे हडंबा काय असतो ते वेगळं सांगायला नको, लहानपणी त्याच्या भुशात लोळलेय.

मोबाइलच्या काचेवर अंगठा घट्ट दाबा आणि अगदी हळू बाजूला ढकला. अंगठा हलला नाही असं वाटेल. पण नीट पाहिलं तर अंगठ्याच्या कडेची कातडी आधी सरकते, मधली चिकटून राहते. जोर वाढवत नेला की सरकणारा भाग आत-आत येतो आणि मग सगळा अंगठा एकदम निसटतो. दाबून बसलेल्या धातूंचंही असंच होतं. हे गणितानं कातानेओनं १९३८ मध्ये आणि मिंडलिननं १९४९ मध्ये मांडलं: मध्ये घट्ट, कडेला सरक.

आता दोन अवस्था वेगळ्या धरा. सगळाच भाग सरकत असेल तर झीज भरपूर, भुकटी भरपूर. फक्त कडा सरकत असेल तर झीज फारच थोडी, भुकटी जवळजवळ नाही. पण त्या अरुंद पट्ट्यात घर्षणाचा ताण एकवटतो, दर फेऱ्याला तीच जागा ओढली-दाबली जाते, आणि तिथं भेग जन्माला येते. विंग्सबो आणि सोडरबर्ग यांनी १९८८ मध्ये याचा नकाशाच काढला. त्यात दिसतं की थकव्याचं आयुष्य सगळ्यात कमी असतं ते या अर्धवट सरकण्यात. पूर्ण सरकायला लागलं की आयुष्य थोडं सुधारतं, कारण नुकतीच जन्मलेली भेग वाढण्याआधीच घासून निघून जाते.

म्हणून भुकटी जास्त तिथं धोका जास्त, हा हिशेब चालत नाही. दादा, तुमचा शाफ्ट भुकटीच्या पट्ट्यात न तुटता कडेवर तुटला यात मला तरी काही नवल वाटत नाही. ढिल्या रिंगखाली मध्ये सगळंच सरकत असावं, कडेला अर्धवट. पुलीवरच्या पट्ट्याच्या ओढीनं येणारा बाक बेअरिंगपाशी सगळ्यात जास्त, रिंगच्या कडेचा दाबही तिथंच. दोन्ही एका रेषेवर आले.

शंकासूर, थकवा वेगळा हे खरं. पण गुळगुळीत तुकडा जितका ताण कोटी फेरे सोसतो, त्याच धातूला फ्रेटिंग लागलं की तो त्याच्या निम्म्या, कधी तिसऱ्या हिश्श्याच्या ताणाला तुटतो. नुसत्या झिजेनं एवढं कमी होत नाही. झिजेनं जाडी कमी होते, फ्रेटिंगनं भेगेला सुरुवात मिळते.

वेल्डिंग_सम्राट
३ नोव्हेंबर, दुपारी २.१०

ताई, मग दाणे कायचे ते सांगा. मी डोळ्यानं पाहतो.

सूक्ष्मदर्शी
३ नोव्हेंबर, दुपारी २.४५

दादा, दाणे तुम्हाला दिसतात ते खरे आहेत. पण ते शेवटच्या क्षणी एकदम तुटलेल्या भागाचे. धातू दाणेदार असतोच, कारखान्यातून येतानाच. राबून तो दाणेदार 'होतो' ही समजूत एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या मोठ्या इंजिनिअरांचीही होती, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. १९०३ मध्ये युइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की वारंवारच्या ताणानं दाण्यांच्या आत बारीक सरक-रेघा पडतात आणि त्यांतूनच भेग निघते.

लेथवाले दादा, तुटलेलं तोंड डिझेलनं धुऊन उन्हात धरा. एका बाजूला गुळगुळीत, किंचित काळपट भाग आणि त्यावर कमानीसारख्या रेघा दिसतात का? उन्हाळ्यात तळ्याचं पाणी ओसरत जाताना काठाच्या गाळावर रेघा राहतात ना, तशा.

दारव्ह्याचा_लेथवाला
३ नोव्हेंबर, रात्री ११.२०

आताच धुतलं. ताई, तुम्ही इथं उभ्या राहून पाहिल्यासारखं सांगितलं. दोन तृतीयांश गुळगुळीत, रेघा कडेपासून आत चाललेल्या. दाणेदार भाग एका बाजूला, सुपारीएवढा. म्हणजे शेवटी शेवटी पूर्ण यंत्राचं ओझं त्या सुपारीवर होतं.

आता एक कबुली देतो, हसू नका. रिंग ढिली झाली की आम्ही शाफ्टवर सेंटर पंचानं टिंब-टिंब मारतो. धातू फुगते, बेअरिंग टाइट बसते. कधी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळतो. तिघांपैकी एक शाफ्ट मागच्या वर्षी मीच पंच मारून दिला होता. भेग बरोबर एका पंचाच्या खड्ड्यातून निघालेली दिसते.

कापूसकोंड्या
३ नोव्हेंबर, रात्री ११.३१

हसत नाही राजेहो. आमच्या इकडे तं पंच मारायचे वेगळे पैसे घेतात.

संत्रा_अन्_स्पॅनर
४ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

भाऊ, कबुली दिली तिथंच अर्धं काम झालं. पंच मारून तुम्ही दोन चुका एका दमात केल्या. एक तर खड्डा म्हणजे ताण साचायची जागा. दुसरं, रिंग आता फक्त त्या टिंबांच्या टोकांवर बसलेली, म्हणजे दाब काही ठिकाणी प्रचंड अन् मध्ये पोकळी. ढिलाई गेली असं वाटतं, ती फक्त डोळ्याआड जाते.

एक हिशेब सांगतो. तुमचा ड्रम मिनिटाला सहाशे फेरे धरा. पट्टा शाफ्टला एका बाजूला ओढतो, म्हणून शाफ्टच्या अंगावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला अन् एकदा दाबला जातो. तासाला छत्तीस हजार. आठ तासांत दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. आता विमानाच्या मुख्य सांगाड्याचं पाहा. वर गेलं की आतली हवा पत्र्याला फुग्यासारखं फुगवते, खाली आलं की पत्रा सैल. एका उड्डाणाला असा एक फेरा. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ होतं, १९६९ चं. १९८८ साली त्याचं छत उडालं तोवर त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती. एकोणीस वर्षं लागली. तुमचा शाफ्ट तेवढे फेरे अडीच तासांत मारतो.

शंकासूर
४ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

अलोहाचं नाव निघालंच आहे तर विचारतो. ते फ्रेटिंगमुळे झालं असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. खरं का?

सूक्ष्मदर्शी
४ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

तेवढं सरळ नाही. २८ एप्रिल १९८८, उड्डाण २४३. चोवीस हजार फुटांवर पुढच्या भागाचं सुमारे अठरा फूट छप्पर निघून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती सापडली नाही. बाकी सगळे वाचले, विमान उतरलं. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्याला विमानाच्या लांबीच्या दिशेनं गेलेली भेग दिसली होती, पण त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.

तिथं मूळ दुखणं असं: पत्र्यावर पत्रा चढवून केलेला सांधा रिव्हेटबरोबरच डिंकासारख्या थरानंही चिकटवलेला होता. तो थर नीट चिकटला नाही, ओल शिरली, गंज चढला. डिंकानं उचलायचा भार रिव्हेटांवर आला. पत्रा एक मिलिमीटरहूनही कमी जाड, आणि रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाला केलेला उतार पत्र्याच्या पूर्ण जाडीतून गेल्यामुळे भोकाची कड सुरीसारखी पातळ. तिथून थकव्याच्या भेगा निघाल्या आणि एका ओळीतल्या कितीतरी भोकांच्या भेगा एकमेकींना मिळाल्या. म्हणून अलोहा म्हणजे फ्रेटिंग असं म्हणू नये. पण सांधा मोकळा पडला की पत्रे एकमेकांवर घासणार, आणि रिव्हेटच्या सांध्यांच्या अभ्यासात भेगेची सुरुवात अनेकदा भोकाच्या कडेवर नसून थोडी बाजूला, दोन पत्र्यांच्या घासलेल्या जागेवर सापडते. त्या काळ्या डागाच्या काठावर.

बडनेरा_पॅसेंजर
४ नोव्हेंबर, सायंकाळी ७.५०

उशिरा आलो, माफी. रेल्वेतून निवृत्त. हे सगळं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे ही जुनी बिमारी आहे. चाक ॲक्सलवर दाबून बसवतात, शेकडो किलोन्यूटनच्या प्रेसनं. कोणाला वाटेल यात काय हलणार! पण ॲक्सल फिरता-फिरता वाकतो, अन् चाकाच्या आतल्या कडेखाली तो केसभर सरकतोच. भेग चाकाखाली, डोळ्याला कधीच दिसणार नाही. म्हणून ॲक्सलच्या टोकावर प्रोब ठेवून अल्ट्रासोनिक लावतात. आवाज आत जातो, भेगेवरून परत येतो, पडद्यावर दांडी उभी राहते. जिथं दांडी नको तिथं दिसली की ॲक्सल बाजूला, चर्चा नाही.

लेथवाल्यांच्या उपयोगाचं सांगतो. ॲक्सलची चाकाखालची जागा बाकी ॲक्सलपेक्षा जाड ठेवतात, अन् जाडीवरून बारीकवर उतरताना छान मोठी गोलाई. चाकाची कड त्या जाड भागाच्या थोडी बाहेर लोंबती ठेवतात. म्हणजे दाबाची कड अन् वाकण्याचा ताण एका रेषेत येत नाहीत. तुम्ही सरळ बार आणता, टोक ते टोक एकच व्यास, अन् बेअरिंग कुठंही सरकवता. स्वस्त पडतं, पण कड जिथं बसली तिथं शाफ्टला काही आधार नाही.

कापूसकोंड्या
४ नोव्हेंबर, रात्री ८.१०

संत्र्याला यंदा काय भाव आहे काका?

संत्रा_अन्_स्पॅनर
४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

भाव विचारून मीठ चोळू नको बाबू. धाग्यावर राहा.

शंकासूर
५ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

मग सोपा उपाय: जाम घट्ट करायचं. हालचालच नाही तर फ्रेटिंग कुठून येणार?

सूक्ष्मदर्शी
५ नोव्हेंबर, दुपारी १.००

घट्ट करणं हा उपाय आहेही आणि फसवणूकही. हालचाल पूर्ण थांबली तर उत्तम. विमानात म्हणूनच काही ठिकाणी भोकापेक्षा किंचित जाड बोल्ट ठोकून बसवतात. पण अर्धवट घट्ट केलं तर? जो सांधा पूर्ण सरकत होता, भुकटी काढत होता, तो आता फक्त कडेला सरकतो. भुकटी बंद. तुम्ही खूश. आणि आयुष्य आधीपेक्षाही कमी. दादांच्या पंचाचं नेमकं हेच झालं असावं.

विमानवाले म्हणून एकाच गोष्टीवर भिस्त ठेवत नाहीत. एक म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये रबरासारखा राहणारा सीलंट भरतात, म्हणजे धातूवर धातू घासत नाही आणि ओलही आत शिरत नाही. दुसरं मला स्वतःला फार आवडतं. भोकातून थोडा जाड दांडा ओढून भोक जबरदस्तीनं फाकवतात. दांडा निघाला की भोवतीचा धातू परत मिटायला बघतो आणि भोकाभोवती कायमचा दाबाचा कडा राहतो. भेग उघडायला ताण लागतो, तिथं सतत दाब. पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करतात, त्याचंही तत्त्व हेच. यानं भेगेचा जन्म टळतोच असं नाही. फ्रेटिंगची भेग पृष्ठभागापाशी तिरपी शिरते, घर्षणाच्या ताणावर पोसते. तो ताण फार खोल जात नाही. थोडं आत गेल्यावर तिला शाफ्टच्या वाकण्याच्या ताणावर जगावं लागतं, तेव्हा ती वळते आणि सरळ आडवी जाते. तिथंच वाटेत दाबाचा थर भेटला तर ती बिचारी अडकून पडते. अशा अडकलेल्या भेगा जुन्या भागांत सापडतात, वर्षानुवर्षं निवांत.

संत्रा_अन्_स्पॅनर
५ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

इंजिनातलं राहिलं. पुढचा मोठा पंखा दिसतो ना, त्याची पाती मुळाशी कबुतराच्या शेपटीसारख्या आकाराची असतात अन् चकतीच्या खाचेत सरकवून बसवतात. इंजिन फिरलं की पातं बाहेर पळायला बघतं, खाच त्याला धरून ठेवते. दर उड्डाणाला इंजिन चालू-बंद, दर वेळी मूळ खाचेत किंचित सरकतं. म्हणून मुळावर तांबं-निकेल-इंडियमचा लेप अन् वरून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण. ते ठरलेल्या वेळी धुऊन पुन्हा लावावं लागतं.

१७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात असं एक पातं मुळातूनच तुटलं. इंजिनाच्या आवरणाचा तुकडा खिडकीला लागला अन् एक प्रवासी गेली. भेग मुळाच्या थकव्याची होती. तपासात निघालं की तिथला ताण आराखड्यात धरला त्यापेक्षा जास्त होता. त्यानंतर अल्ट्रासोनिक अन् एडी करंट (धातूत विजेचे भोवरे उठवून भेग हुडकायची) तपासणी अन् वंगणाचं अंतर दोन्ही कडक झालं. वंगण गेलं की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की मुळावरचा ताण वाढतो. ग्रीसचा डबा वाटतो फालतू.

लेथवाले भाऊ, तुमच्यासाठी एक काम. जो शाफ्ट अजून तुटला नाही तो तपासा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. जागा क्लीनरनं धुवा, लाल फवारा, पंधरा मिनिटं थांबा, फडक्यानं पुसा. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्या, सरळ शाफ्टवर मारला तर भेगेतला रंगही धुऊन निघेल. मग पांढरा पातळ फवारा. अन् आधी पॉलिश पेपर मारून चमकवायला जाऊ नका, धातू पसरून भेगेचं तोंड बुजतं अन् रंग आत जात नाही.

वेल्डिंग_सम्राट
५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

संच माझ्याकडे आहे. टाकीच्या कामाला आणला होता. लेथवाले, उद्या दारव्ह्याला येणं आहे, घेऊन येतो.

दारव्ह्याचा_लेथवाला
७ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मंडळी, करून पाह्यलं.

गावाजवळच्या एका काकांचं यंत्र पट्टा बदलायला आलं होतं. चालू यंत्र, काही तक्रार नाही. मी म्हटलं पुलीकडचं बेअरिंग काढून पाहू द्या. काका म्हणे, चालून राह्यलं तं कायले खोलतं? उद्या पाणी येईन म्हणतात, दोन एकर कापून पडलं आहे. वेल्डिंगवाले दादा डबे घेऊन उभेच होते, त्यांच्या आग्रहानं कसंबसं खोललं.

रिंगखाली तीच गेरू. धुतलं, लाल मारला, चहा घेतला, पुसला, पांढरा मारला. शाफ्ट चुन्यानं सारवल्यासारखा पांढराफट. तिघंही वाकून बसलो. दोन मिनिटं काहीच नाही. काका म्हणे, झालं समाधान? अन् मग कडेवर एक गुलाबी ठिपका आला, त्याच्या बाजूला दुसरा, अन् ते जुळत-जुळत अर्ध्या बोटाएवढी रेघ झाली. भांगातल्या कुंकवासारखी, बारीक अन् लालभडक. बरोबर तिथंच, रिंगच्या पुलीकडच्या कडेला. भुकटी होती तिथं काही नाही.

कोणी काही बोललं नाही. यंत्र मी सोडलं नाही. माझ्याकडं एका दुसऱ्याचा नवा शाफ्ट तयार होता, तोच बसवून देतो म्हटलं. सरळ बार नव्हता, बडनेरावाल्या काकांचं ऐकून बेअरिंगची जागा पाच एमएम जाड अन् कडेला गोलाई ठेवली होती. पंच नाही, डब्याचा पत्रा नाही. ग्रब स्क्रूवालं बेअरिंग काढून टेपर स्लीव्हवालं, म्हणजे निमुळत्या बाहीनं शाफ्टला चारीकडून आवळणारं टाकलं, पट्टाही एवढा ताणला नाही.

काका त्या रेघेकडं पाहत राह्यले. मग म्हणे, "त्या बाजूचंही बेअरिंग काढ."

संत्रा_अन्_स्पॅनर
८ नोव्हेंबर, सकाळी ५.५५

अन् त्या बाजूला?

दारव्ह्याचा_लेथवाला
८ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

भुकटी पहिल्या बाजूपेक्षा दुप्पट. रेघ एकही नाही.